एक कवडी अधिक

वाचकहो, आजच्या लेखाचा नायक कोणी राजा नाही, संत नाही आणि कवीही नाही. तो एक आकडा आहे : २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. सेकंदाला एक या गतीने, न झोपता न थांबता, कोणी मोजायला बसले तर एवढी मजल गाठायला अडुसष्ट वर्षे आणि वर काही दिवस लागतील. म्हणजे एक बरे लांबलेले आयुष्य. साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत आकड्याचे काय काम, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात येईल. पण माणसांच्या आणि गावांच्या इतिहासाप्रमाणे काही आकड्यांनाही इतिहास असतो. या आकड्याचा इतिहास आपल्या घराजवळून जातो. ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला तो जे उत्तर देतो, त्यासाठी मी आज तो सांगायला घेतला आहे.

आरंभ एका याचकाच्या झोळीपासून करू. भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली. तिच्या श्रेढीव्यवहारात एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचा शब्द दिला. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले, असा प्रश्न आहे. लीलावतीतले कोष्टक असे : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्कात २०,४८० कवड्या.

दात्याचा हिशेब कसा फसतो ते पाहा. दहाव्या दिवशी त्याला १,०२४ कवड्या द्याव्या लागतात. पुरता एक द्रम्मही होत नाही. गृहस्थ निर्धास्त आहे. विसाव्या दिवशी १०,४८,५७६ कवड्या होतात, म्हणजे एक्कावन्न निष्कांहून थोडे अधिक. आता त्याच्या कपाळावर आठी आली असेल. तिसाव्या दिवशी मात्र एकाच दिवसाचे देणे १,०७,३७,४१,८२४ कवड्या, म्हणजे बावन्न हजारांहून अधिक निष्क. महिन्याची एकूण बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या. भास्कराचार्यांच्या नाण्यांत सांगायचे तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे शब्द आपण सहज वापरतो. पण कवडीला दुप्पटीची जोड मिळाली की ती कुठवर जाते, हे या उदाहरणातून मुलाला कायमचे कळते.

तीस दिवसांची बेरीज तीस ओळी मांडून करावी लागत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. लीलावतीतली रीत अशी : दिवसांची संख्या सम असेल तर ती निम्मी करा आणि बाजूला ‘वर्ग’ लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा. शून्य येईपर्यंत असे करत जा. तीसचे निम्मे पंधरा, वर्ग. पंधरातून एक गेला, चौदा, गुण. चौदाचे सात, वर्ग. सातचे सहा, गुण. सहाचे तीन, वर्ग. तीनचे दोन, गुण. दोनाचा एक, वर्ग. एकाचे शून्य, गुण. आता शेवटून वर या. ‘गुण’ आला की दोनाने गुणा, ‘वर्ग’ आला की वर्ग करा : २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत काम संपले. यातून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणले की उत्तर हाती येते. या रीतीचे मूळ भास्कराचार्यांच्याही फार मागे, पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. लघुगुरूंचे किती प्रकार होतात हे मोजताना तिथे दोनाचे घात लागले आणि ते थोडक्यात काढण्याची युक्ती सापडली. साहित्यप्रेमी वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की आपल्याकडे हे गणित काव्याच्या अंगणात वाढले. आज गुप्त संदेशांची आकडेमोड करणारी यंत्रे प्रचंड घात काढताना हीच वर्ग-गुणाची रीत वापरतात.

पण आपला नायक २,१४,७४,८३,६४६ नाही. तो शेवटी सात असलेला आहे. लीलावतीच्या उत्तरात एक कवडी अधिक टाकली की तो होतो. त्या एका कवडीने काय होते?

झोळीतल्या कवड्या वाटायच्या आहेत असे समजा. २,१४,७४,८३,६४६ कवड्या वाटायला फार सोप्या. दोघांत समान वाटता येतात, तिघांत, सहांत, सातांत, नवांत, अकरांत, एकतीस जणांतही येतात. हा आकडा दोन, तीनाचा वर्ग, सात, अकरा, एकतीस, एकशे एक्कावन्न आणि तीनशे एकतीस यांच्या गुणाकाराने बनलेला आहे. त्याला एकूण १९२ विभाजक आहेत. भावकी कितीही मोठी असो, वाटणीचा काही ना काही मार्ग निघतो. आता त्यात एक कवडी टाका. सगळे मार्ग एकदम बंद होतात. दोघांत नाही, तिघांत नाही, हजारांत नाही, लाखांत नाही. एकाने सगळ्या घ्याव्यात किंवा प्रत्येकाने एकेक घ्यावी, याखेरीज समान वाटणीच होत नाही. अशा संख्येला आपण शाळेत मूळ संख्या म्हणतो. काही पुस्तकांत तिला अविभाज्य संख्या असेही नाव आहे.

२,१४,७४,८३,६४७ मूळ संख्या आहे, असे मी वर एका ओळीत लिहून गेलो. ती एक ओळ सिद्ध व्हायला मात्र फार काळ लागला, आणि त्यासाठी आपल्याला काही वेळ युरोपात जावे लागेल.

दोनाला दोनाने काही वेळा गुणून त्यातून एक वजा केला की जे आकडे मिळतात, त्यांचे वेड ग्रीकांपासूनचे आहे. ३, ७, ३१, १२७ हे असे आकडे आणि हे चारही मूळ आहेत. त्यामागचे कारण परिपूर्ण संख्या. २८ घ्या. त्याला निःशेष भागणारे, त्याच्याहून लहान आकडे १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज पुन्हा २८. अशी संख्या म्हणजे परिपूर्ण. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने दाखवले की दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनवता येते. ७ पासून २८, ३१ पासून ४९६, १२७ पासून ८,१२८. तेव्हा असे मूळ आकडे कोणते, हा प्रश्न पुढे शतकानुशतके राहिला.

घात स्वतः मूळ असला पाहिजे, हे लवकरच ध्यानात आले. पण तेवढे पुरेसे नाही. दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा करा : २,०४७. हा दिसायला अभेद्य वाटतो, पण तो २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. तेव्हा प्रत्येक घात स्वतंत्र तपासणे आले. इटलीतल्या बोलोन्याच्या काताल्दीने १७ आणि १९ हे घात कष्टाने भागाकार करून तपासले आणि ते खरे ठरवले. पुढे १६०३ साली छापलेल्या पुस्तकात त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हेही घात चालतील असे लिहिले. त्यातला फक्त ३१ बरोबर निघाला. १६४४ साली पॅरिसचा धर्मगुरू मेर्सेन याने २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली. तिच्यातही ३१ होता. पण यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९ व १०७ तिच्यात यायला हवे होते ते राहून गेले. असे आकडे आज मेर्सेनच्या नावाने ओळखले जातात. चुकांसह प्रश्न नीट मांडून ठेवणाऱ्यालाही इतिहासात जागा मिळते, ही समाधानाची गोष्ट.

दोनाचा एकतिसावा घात उणे एक, म्हणजेच आपला नायक. तो मूळ आहे असे दोघांनी म्हटले होते. सिद्ध कोणीच केले नव्हते.

ते काम लेओनार्ड ऑयलरने केले. १७७२ साली त्याने सेंट पीटर्सबर्गहून बेर्नूलीला पत्र लिहून ते कळवले. काळ ध्यानात यावा म्हणून सांगतो : त्याच वर्षी थेऊरला थोरले माधवराव पेशवे वारले. महादजी शिंद्यांनी शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवले तेही त्याच वर्षाच्या आरंभी. महेश्वरी अहिल्याबाईंचा कारभार चालू होता. ऑयलर तेव्हा पासष्टीत होता. एक डोळा तरुणपणीच निकामी झाला होता, दुसराही जवळजवळ गेला होता, आणि तो सांगून लिहवून घेत असे.

ऑयलरने काय केले ते समजायला अवघड नाही. एखादी संख्या दोन अवयवांत फुटत असेल, तर त्यांतला लहान अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. आपल्या आकड्याचे वर्गमूळ ४६,३४० हून थोडे अधिक आहे. तेव्हा तेथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिले आणि एकही भाग गेला नाही, तर काम झाले. पण अशा मूळ संख्या पावणेपाच हजारांहून अधिक आहेत. तेवढे भागाकार हाताने करणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे काम, आणि एका चुकीने सगळे व्यर्थ.

येथे फ्रान्समधल्या फर्माची, १६४० सालातली एक देणगी उपयोगी पडली. मघाचा २,०४७ आठवा. घात होता अकरा. त्याचे अवयव २३ आणि ८९. अकराची दुप्पट बावीस. तेवीस म्हणजे बावीस अधिक एक, आणि एकोणनव्वद म्हणजे बावीस चोक अठ्ठ्याऐंशी अधिक एक. हा योगायोग नाही, नियम आहे. घात एकतीस असेल तर प्रत्येक मूळ अवयव बासष्टच्या पटीहून एकाने अधिकच असला पाहिजे. ऑयलरने त्यावर आणखी एक चाळणी लावली : त्या अवयवाला आठाने भागले तर बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे. दोन्ही चाळण्यांतून जे उरतात, त्यांना २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ राहते. ४६,३४० पर्यंत असे आकडे सुमारे पावणेचारशेच. त्यांतल्या मूळ संख्या तर शंभरही भरत नाहीत. भागाकार केले, एकही भाग गेला नाही, आणि आकडा मूळ ठरला. डोंगर खणण्याऐवजी त्याने आधी पाणी कुठे असूच शकत नाही हे ठरवले आणि उरलेली थोडी जागा खणली. जाणत्याची मेहनत अशी असते.

यासरशी आठवी परिपूर्ण संख्याही हाती आली : २३०५८४३००८१३९९५२१२८. ती कशी बनते पाहा. १,०७,३७,४१,८२४ गुणिले २,१४,७४,८३,६४७. यातला पहिला आकडा आपण वर पाहिला आहे. याचकाला तिसाव्या दिवशी मिळालेल्या कवड्या, म्हणजेच लीलावतीच्या रीतीतला शेवटचा वर्ग. ऑयलरपुढे लीलावती नव्हती आणि भास्कराचार्यांपुढे परिपूर्ण संख्यांचा प्रश्न नव्हता. दोन वाटा एकमेकींना न ओळखता एकाच जागी आल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे असे काही दिसले की मोह होतो. भास्कराचार्यांना हे सगळे आधीच ठाऊक होते, असे मी म्हणत नाही. त्यांचा प्रश्न ‘एकूण किती?’ असा होता आणि त्याचे उत्तर त्यांनी कवडीपर्यंत अचूक दिले. ‘हा आकडा आतून कसा आहे, तो फुटतो की नाही?’ हा प्रश्न वेगळा आहे. तो विचारणारे लोक वेगळ्या देशातले आणि वेगळ्या काळातले होते. पूर्वजांच्या पदरी नसलेले श्रेय घातल्याने त्यांचे असलेले श्रेय झाकले जाते. आठ पायऱ्यांची ती रीत आणि ते अचूक उत्तर एवढे श्रेय पुरेसे आहे.

पुढे सुमारे पाऊणशे वर्षे तरी माणसाला ठाऊक असलेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या होती. १८११ साली इंग्लंडमधल्या वुलिचच्या लष्करी विद्यालयातले गणिताचे अध्यापक पीटर बार्लो यांनी संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी या आकड्याबद्दल मत दिले, त्याचा आशय असा : ही आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या आहे आणि तिच्यापासून बनणारी परिपूर्ण संख्या बहुधा कायम सर्वांत मोठी राहील, कारण असले आकडे केवळ कुतूहलाचे, निरुपयोगी असतात; तेव्हा यापुढे जाण्याचे कष्ट कोण घेणार?

बार्लो साधा माणूस नव्हता. त्याची गणिती कोष्टके अभियंत्यांच्या टेबलांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तरी त्याच्या या एका वाक्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक माणसाच्या स्वभावाबद्दलची. कष्ट घेणारे निघाले. १८७६ साली फ्रान्सच्या एद्वार लुका याने दोनाच्या १२७ व्या घातातून एक वजा केलेली एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. संगणक आल्यावर तर शर्यतच लागली. २०२४ च्या ऑक्टोबरात जी सापडली, ती दोनाच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा केलेली आहे आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

दुसरी चूक अधिक बोलकी आहे. हा आकडा निरुपयोगी राहिला नाही. बार्लोच्या पुस्तकानंतर दीडशे वर्षे झाली तेव्हा तो यंत्रांच्या पोटात जाऊन बसला होता.

संगणक सगळे आकडे शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहितो. बराच काळ एका आकड्यासाठी बत्तीस घरे देण्याची रीत होती. त्यांतले एक घर धन की ऋण हे सांगण्यासाठी. उरली एकतीस. त्या एकतीस घरांत मावणारा सर्वांत मोठा आकडा म्हणजे दोनाचा एकतिसावा घात उणे एक, आपला नायक. त्यात एक मिळवला की जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ वरून शून्यावर यावा तसे होते. फरक एवढाच, की येथे आकडा शून्यावर न येता एकदम उणे दोन अब्जांच्या खाली जातो. २०१४ साली यूट्यूबवरच्या ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकांची गणती या आकड्यापलीकडे गेली, आणि मोजणीसाठी चौसष्ट घरांची सोय करावी लागली.

याहून महत्त्वाचा मुक्काम पुढे आहे. अनेक संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून किती सेकंद झाले या हिशेबाने. आपण सुरुवातीला म्हटले होते, सेकंदाला एक या गतीने अडुसष्ट वर्षे आणि काही दिवस. ते दिवस भरतील १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद होताना. ज्या यंत्रांत तोवर बत्तीस घरांची जुनी गणती राहील, त्यांना पुढचा सेकंद १९०१ सालातला वाटेल. चौसष्ट घरांची नवी गणती बहुतेक ठिकाणी आली आहे. पण भिंतीत, मीटरमध्ये, कारखान्यात वर्षानुवर्षे न उघडलेली छोटी यंत्रे शोधून बदलणे हे काम अजून चालू आहे.

येथवरच्या उपयोगात आकडा मूळ असण्याचा संबंध नाही, असा आक्षेप जाणकार वाचक घेतील आणि तो बरोबर आहे. तेथे फक्त त्याचा आकार कामी आला. पण त्याचे मूळपणही कामी आले आहे.

फासे टाकल्यासारखे, ज्यांचा क्रम ओळखता येत नाही असे आकडे संगणकाला अनेक कामांत लागतात : हवामानाचे नमुने, रांगांचा अभ्यास, नमुना पाहणीतली निवड. असे आकडे बनवण्याची एक साधी रीत आहे. एक आकडा घ्यायचा, त्याला ठरलेल्या गुणकाने गुणायचे, ठरलेल्या भाजकाने भागायचे आणि बाकी ठेवायची. तीच बाकी पुढचा आकडा. पाटीवर करून पाहा : गुणक ३, भाजक ७. एकापासून निघा. १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सहाही बाक्या एकदा येऊन गेल्या आणि मगच फेरा पुरा झाला. आता भाजक ८ घ्या. १, ३ आणि लगेच पुन्हा १. फेरा दोनातच आटोपला. सात मूळ आहे, आठ नाही. भाजक मूळ असेल आणि गुणक नीट निवडला असेल, तर फेरा पूर्ण लांबीचा मिळतो.

१९६९ साली लुईस, गुडमन आणि मिलर यांनी आयबीएमच्या सिस्टम ३६० या यंत्रांसाठी अशी रीत दिली. गुणक १६,८०७, म्हणजे साताचा पाचवा घात. भाजक २,१४,७४,८३,६४७. १९८८ साली पार्क आणि मिलर यांनी हीच रीत किमान कसोटी म्हणून सुचवली : यापेक्षा कमी दर्जाचे काही वापरू नका. गुपिते राखण्यासाठी ती चालत नाही आणि आता तिच्याहून चांगल्या रीती आहेत. पण कित्येक वर्षे असंख्य यंत्रांनी ती चालवली. ऑयलरने आंधळेपणाच्या उंबरठ्यावर जे सिद्ध केले, ते खरे नसते तर हा फेरा पुरा झालाच नसता.

आणि तो फेरा किती लांबीचा? भाजकाहून एक कमी. १ पासून निघून पुन्हा १ वर यायला यंत्राला नेमकी २,१४,७४,८३,६४६ पावले चालावी लागतात. वाचकहो, हीच ती याचकाच्या झोळीतली महिन्याची मिळकत. लीलावतीतल्या जितक्या कवड्या, तितकी पावले. एकही कमी नाही, एकही अधिक नाही.

आता शेवटी आपल्या घराकडे येऊ. चाळीसगावजवळ पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली. लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे. खाली मठाला कशाचे उत्पन्न लावून दिले ते सांगायची वेळ येते, तेव्हा लेख मराठीत उतरतो. बाजारात येणाऱ्या मालावरचा वाटा आणि तेलाच्या घाण्यांमधला वाटा असा तो तपशील आहे. घाणेवाल्याला आणि व्यापाऱ्याला कळेल अशा भाषेत. हा लेख जगापुढे आणणारे डॉक्टर भाऊ दाजी लाड जन्माने गोव्याचे. १८६५ साली त्यांनी त्यावर लिहिले.

त्या तेल्याने दर घाण्यामागे तेल घातले तेव्हा दुप्पटीच्या कवड्यांचा उपयोग काय, असे विचारले असते तर चांगदेवांना काय सांगता आले असते? सिस्टम ३६० नव्हते, २०३८ साल नव्हते. सांगण्यासारखे एकच होते : हे चांगले आहे, आणि आमच्याकडे आले आहे, तर आमच्या हातून तुटू नये. पुढे १५८७ मध्ये फैजीने लीलावती फारसीत नेली, १८१७ मध्ये कोलब्रुकने इंग्रजीत नेली. पण त्यांच्या हाती पडेपर्यंत ती कोणीतरी पाठ करून, उतरवून, मुलांना शिकवून टिकवली होती.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. मुलांना मराठी कशाला, मोडी कागद कशाला, आजोबांची पावकी-निमकी कशाला, असे घरातलेच कोणी विचारते. आपल्याकडे नेहमी पटणारे उत्तर असतेच असे नाही. मलाही ते प्रत्येक वेळी देता येत नाही. पण बार्लोसारखा जाणता माणूस ज्याला निरुपयोगी म्हणून मोकळा झाला, त्याचे पुढे काय झाले ते आपण पाहिले. कशाचा उपयोग होणार हे ठरवणे राखणाऱ्याच्या हाती नसते. राखणे मात्र त्याच्याच हाती असते.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. कागदावर तीस लिहा आणि विचारा : सम की विषम? तीसचे पंधरा, वर्ग. पंधराचे चौदा, गुण. तेथून शून्यापर्यंत खाली जा आणि हळूहळू वर या. आठ पायऱ्यांत कवड्यांचा डोंगर उभा राहील. मग बेरजेत एक कवडी अधिक टाका आणि सांगा, आता ही वाटून दाखव.